७० हजारांत गेम आणि व्हिडिओ एडिटिंग दोन्हींसाठी पीसी: कोटेशन बघून सांगा

कृष्णाकाठ | १ सप्टेंबर २०२४, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. मी कराडजवळ राहते. लग्नं, डोहाळजेवणं, गावोगावच्या यात्रा यांचे व्हिडिओ एडिट करून देते. शूटिंग दुसऱ्यांचं, कापाकापी माझी. जुन्या लॅपटॉपवर आता टाइमलाइन हलतच नाही. स्पेसबार दाबला की चहा टाकून यावं. तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होईल, त्याआधी मशीन उभं करायचंय.

धाकटा भाऊ कॉलेजात आहे, त्याला गेम खेळायचेत. घरून हुकूम असा की दोघांत मिळून एकच मशीन. बजेट ७० हजार, मॉनिटर आणि कीबोर्ड आहेत. पुण्यातल्या एका दुकानातून हे कोटेशन आलंय:

प्रोसेसर आय५-१२४००एफ – ११,८००
एच६१० मदरबोर्ड, डीडीआर४ – ६,९००
१६ जीबी रॅम, एकच स्टिक – ३,४००
ग्राफिक कार्ड आरटीएक्स ४०६०, ८ जीबी – २८,९००
१ टीबी एनव्हीएमई एसएसडी डिस्क – ६,२००
कॅबिनेट, पाच आरजीबी पंखे, सोबत ४५० वॉट एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) – ७,५००
लिक्विड कूलर – ४,५००
जोडणावळ – ८००
एकूण बरोब्बर ७०,०००

बेरीज इतकी नेमकी आल्यामुळेच शंका आली. एडिटिंगचं सॉफ्टवेअर प्रीमियर, सबस्क्रिप्शन घेतलेलं आहे.

---

एफपीएसवाला | १ सप्टेंबर, रात्री ११:०५

बजेट आधी सांगितलंत ना दुकानदाराला? मग बेरीज नेमकीच येणार.

लिक्विड कूलर आधी उडवा. १२४००एफ सोबत बॉक्समध्ये जो पंखा येतो तो पुरतो. ते साडेचार हजार रॅममध्ये घाला. बाकी ४०६० डोळे झाकून घ्या. १०८०पीवर भावाला काहीही कमी पडणार नाही, आणि एनव्हिडियाचा एन्कोडर (तयार व्हिडिओची फाइल बनवणारा भाग) असल्यामुळे एडिटिंगही मक्खन.

---

रात्रपाळी | २ सप्टेंबर, सकाळी ८:१५

इंटेल कशाला आत्ता? ते १३व्या-१४व्या पिढीचं प्रकरण चालू आहे, प्रोसेसर जास्त व्होल्टेज खाऊन खराब होतायत. रायझन ५ ७६०० घ्या. त्याचा एएम५ सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) २०२७ आणि त्यापुढेही चालू ठेवणार असं एएमडीने जूनमध्येच सांगितलंय. उद्या फक्त प्रोसेसर बदलायचा, बोर्ड तोच. १२४०० चा सॉकेट १४व्या पिढीवर संपला.

---

एफपीएसवाला | २ सप्टेंबर, सकाळी ८:३१

७६०० म्हणजे डीडीआर५ रॅम आणि महाग बोर्ड. मग ग्राफिक कार्डाला काय उरणार, राव?

---

खटपट्या | २ सप्टेंबर, दुपारी १:२०

ताई, सगळे पार्ट्स सांगायला लागले, पण कच्चा माल कसला आहे हे कोणी विचारलंच नाही. फुटेज कुठल्या कॅमेऱ्याचं येतं? मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात एक नेहमीची क्लिप टाका आणि चार ओळी इथे लिहा: फॉर्मॅट, बिट डेप्थ, क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगाची माहिती किती बारकाईने साठवली ते, ४:२:० किंवा ४:२:२ असं लिहिलेलं) आणि फ्रेम रेट मोड. त्याशिवाय प्रोसेसर निवडू नका.

रात्रपाळी, व्होल्टेजचा घोळ १३व्या आणि १४व्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांचा आहे. ऑगस्टमध्ये त्यावर दुरुस्तीचा मायक्रोकोडही आला. १२व्या पिढीला तो त्रास नाही.

---

कृष्णाकाठ | २ सप्टेंबर, रात्री ९:५०

दोन ठिकाणच्या क्लिप टाकून बघितल्या.

पहिली लग्नवाल्या फोटोग्राफरची, कॅनन आर७: एचईव्हीसी, १० बिट, ४:२:२, फ्रेम रेट कॉन्स्टंट. तो सी-लॉगमध्ये (फिक्या रंगांत) शूट करतो, रंग नंतर मी बसवते.
दुसरी यात्रेची, कुणाच्या तरी फोनवरची: एचईव्हीसी, ८ बिट, ४:२:०, फ्रेम रेट व्हेरिएबल.

साधारण सत्तर टक्के काम पहिल्या प्रकारचं. याचा प्रोसेसरशी काय संबंध?

---

खटपट्या | २ सप्टेंबर, रात्री ११:३८

सगळा संबंध त्या ४:२:२ शी आहे. जरा सविस्तर लिहितो.

एचईव्हीसी म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत, तिच्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. एक पूर्ण फ्रेम, मग बऱ्याच फ्रेम्समध्ये फक्त 'आधीच्यापेक्षा काय बदललं' एवढंच. फाइल लहान राहते, पण टाइमलाइनवर मागे-पुढे सरकलात की मशीनला मागची पूर्ण फ्रेम शोधून तिथून पुढचं सगळं पुन्हा उलगडावं लागतं. हे उलगडायचं काम म्हणजे डीकोड. त्यासाठी ग्राफिक चिपमध्ये वेगळं सर्किट असतं, ते हे काम हसत-हसत करतं. पण ते सर्किट ठराविक प्रकारच ओळखतं. ओळखीचा प्रकार नसला की सगळा भार प्रोसेसरच्या कोअर्सवर येतो, आणि ४के १० बिटला सहा कोअर धापा टाकतात.

आता मुद्दा. आरटीएक्स ४०६० चं सर्किट एचईव्हीसी ४:२:० उलगडतं, ४:२:२ उलगडत नाही. ४०९० घेतलंत तरी नाही. एएमडीच्या कार्डांचंही तेच. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये जे छोटं ग्राफिक असतं त्यातलं क्विक सिंक नावाचं सर्किट मात्र ११व्या पिढीपासून एचईव्हीसी १० बिट ४:२:२ उलगडतं. आणि तुमच्या कोटेशनमधल्या १२४००एफ मधल्या 'एफ'चा अर्थ हे छोटं ग्राफिक बंद. पावणेतीन-तीन हजार वाचवायला दुकानदाराने नेमका तुमच्या कामाचा भाग कापलाय. त्याची चूक नाही म्हणा, त्याने गेमिंग पीसी बनवला. गेमसाठी एफच योग्य.

म्हणून पहिला बदल: १२४००, एफ नसलेला. बॉक्समधलाच घ्या, ट्रे (सुटा, बिनखोक्याचा) नको. बॉक्सवर इंटेलची तीन वर्षांची वॉरंटी असते.

एफपीएसवाल्यांनी एन्कोडर म्हटलं. तो एक्स्पोर्ट करताना कामाला येतो. ताईंची अडचण एक्स्पोर्टच्या आधीची आहे, स्पेसबार दाबल्यावरची.

---

एफपीएसवाला | ३ सप्टेंबर, सकाळी ७:५५

हे मला नवीन आहे. पण प्रॉक्सी बनवून काम होत नाही का? हलक्या फाइल्स बनवायच्या, त्यांवर एडिट करायचं, शेवटी मूळ फाइल जोडायची.

---

खटपट्या | ३ सप्टेंबर, सकाळी ९:१०

होतं की. पण लग्नाचं फुटेज सहा-सात तासांचं असतं. आधी त्या सगळ्याच्या प्रॉक्सी बनायची वाट बघा, मग काम सुरू. नवरीकडचे तिसऱ्या दिवशी 'ट्रेलर झालं का' विचारतात. तीन हजारांत ती वाट बघणं टळत असेल तर मी टाळेन.

---

मिरजमळा | ३ सप्टेंबर, दुपारी ३:०२

एसएसडी जेन४ (जास्त वेगवान पिढीची) घेतली तर अडखळणं कमी नाही होणार का? माझ्या मित्राने ७००० एमबीवाली टाकली आहे.

---

खटपट्या | ३ सप्टेंबर, दुपारी ३:४०

हिशोब करून बघा. समजा क्लिप १०० मेगाबिट प्रति सेकंदाची आहे. म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी, तासाला ४५ जीबी. तीन कॅमेऱ्यांचे तीन ट्रॅक एकावर एक ठेवले तरी सेकंदाला ३७-३८ एमबी. साधी सॅटा एसएसडी ५५० देते. अडखळतंय ते उलगडण्यात, वाचण्यात नाही. जेन३ एनव्हीएमई भरपूर झाली. फक्त क्यूएलसी प्रकारच्या चिपवाली टाळा, टीएलसी प्रकारची घ्या. क्यूएलसीवर एका दमात दोनशे-तीनशे जीबीचं कार्ड ओतलं की कॅश भरते आणि वेग हार्ड डिस्कच्याही खाली जातो.

---

हेडशॉट कराडकर | ३ सप्टेंबर, रात्री ८:२२

मी तो धाकटा भाऊ. ताईने लिंक पाठवली. माझं ४०६० कापू नका एवढंच सांगायला अकाउंट काढलंय. पंखे पाचच्या जागी दोन चालतील.

---

रात्रपाळी | ३ सप्टेंबर, रात्री ८:४०

😄 पोरगं समजूतदार आहे.

इंटेलचं पटलं, ४:२:२ असेल तर इलाज नाही. पण मग बोर्ड तरी बी७६० घ्या. एच६१० वर रॅमचे दोनच स्लॉट, एनव्हीएमईचा बहुधा एकच, आणि वीज पुरवणाऱ्या भागावर हीटसिंकही नसतो. चार हजार वाचवून पुढे पस्तावाल.

---

खटपट्या | ३ सप्टेंबर, रात्री १०:१७

इथे माझं मत वेगळं आहे. बी७६० चांगलाच, पैसे असते तर मीही तोच सुचवला असता. पण ७० हजारांत तो घेतला की ४०६० जातं, आणि वर त्या पोराने आत्ताच अकाउंट काढलंय. १२४०० पूर्ण जोर लावला तरी ११७ वॉटच्या वर जात नाही, एच६१० तेवढं सहन करतो. दोन स्लॉटमध्ये १६-१६ च्या दोन स्टिक घातल्या की ३२ जीबी झाले. एकच स्टिक मात्र अजिबात नको. दोन असल्या की रॅमचा रस्ता दुप्पट होतो, आणि प्रोसेसरमधलं छोटं ग्राफिक त्याच रॅममधून खातं. दुसरी डिस्क लागली तर सॅटाचे पोर्ट आहेतच.

एच६१० कधी नको, तर दोन-तीन वर्षांनी याच बोर्डावर आय७ चढवायचा विचार असेल तेव्हा. ताईंचा तसा बेत दिसत नाही.

दुकानात एक नक्की बघा. एकाच नावाचा बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत येतो. बऱ्याचदा डीडीआर४ वाल्याच्या नावात 'डी४' किंवा 'डीडीआर४' लावलेलं असतं. खोका हातात घेऊन वाचा. दोन्हींच्या स्टिक एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत.

---

वायरमन सोलापूर | ४ सप्टेंबर, सकाळी ६:३०

पार्ट्समधलं मला कमी कळतं, विजेचं कळतं. बाई, तुमच्याकडे अर्थिंग आहे का? कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर नाही असं समजा. आमच्याकडे निम्म्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या पिनेत वायरच नसते.

मल्टिमीटर असेल तर फेज आणि अर्थमध्ये मोजा, साधारण फेज-न्यूट्रलइतकेच व्होल्ट दिसले पाहिजेत. मग न्यूट्रल आणि अर्थमध्ये मोजा, तिथे दोन-तीन व्होल्टच्या आत हवेत. फेज-अर्थमध्ये काहीच धड दिसत नसेल तर पिनेमागे वायर नाही. मशीन घेण्याआधी माणूस बोलावून अर्थिंगचा खड्डा करून घ्या. हजार-दोन हजाराचं काम, पण एचडीएमआयची वायर काढता-घालता ग्राफिक कार्डाचं पोर्ट जाण्यापासून वाचतं.

आणि तो कॅबिनेटसोबतचा एसएमपीएस घेऊ नका. वर ४५० लिहिलेलं असतं, आत तार बारीक. मी असे उघडलेले आहेत.

---

खटपट्या | ४ सप्टेंबर, सकाळी ९:४५

वायरमनसाहेबांना शंभर टक्के अनुमोदन. ४०६० ला ११५ वॉट लागतात, प्रोसेसरला ११७, बाकी सगळं धरून तीनशेच्या आत. ५५० वॉटचा ८० प्लस ब्राँझ घ्या, नावाजलेल्या कंपनीचा, पाच वर्षं वॉरंटीवाला. एवढा पुष्कळ झाला. ७५० च्या मागे लागू नका.

यूपीएस नंतर घेतला तरी चालेल, पण घ्याल तेव्हा ६०० व्हीए नको. त्यातून साडेतीनशे-तीनशेसाठ वॉटच मिळतात, वर मॉनिटरही त्यावरच. रेंडर चालू असताना लाइट गेली तर तो हात टेकेल. १००० व्हीए घ्या.

---

मिरजमळा | ४ सप्टेंबर, दुपारी १२:१०

सेकंडहँड कार्ड का नको? लॅमिंग्टन रोडला वापरलेली ३०६० निम्म्याच्या आसपास मिळतात म्हणे. १२ जीबी आहे, ४०६० ला आठच.

---

एफपीएसवाला | ४ सप्टेंबर, दुपारी १:०५

२०२२ च्या सप्टेंबरात इथेरियमचं मायनिंग बंद झालं, त्यानंतर बाजारात आलेली कितीतरी कार्डं दिवसरात्र तापलेली आहेत. बिल आणि शिल्लक वॉरंटी असेल, सीरियल नंबर बिलाशी जुळत असेल, आणि समोर अर्धा तास फरमार्क (कार्डावर ताण टाकून बघणारं सॉफ्टवेअर) चालवून दाखवत असतील तरच घ्या. कराडहून मुंबईला जाऊन हे सगळं करायचं, आणि बिघडलं की परत जायचं. धंद्याच्या मशीनला मी नाही घेणार.

८ विरुद्ध १२ जीबीचं म्हणाल तर प्रीमियरमध्ये ४के ला आठ चालतात. दा विंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरवर नॉइज रिडक्शनचे थर चढवणार असाल तर १२ चा फायदा. गेममध्ये ४०६० साधारण १५ ते २० टक्के पुढे आहे आणि वीजही कमी खातं.

---

कृष्णाकाठ | ५ सप्टेंबर, रात्री १०:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. अर्थिंग तपासलं, खरंच नव्हतं. गणपतीनंतर माणूस येणार आहे. दुकानात फोन केला, नवीन कोटेशन हे:

आय५-१२४०० बॉक्स – १४,६००
एच६१० डीडीआर४ बोर्ड – ६,९००
रॅम १६ + १६ जीबी, ३२०० – ६,२००
आरटीएक्स ४०६० – २८,९००
१ टीबी एनव्हीएमई, टीएलसी – ६,२००
५५० वॉट ब्राँझ एसएमपीएस – ४,४००
जाळीचं कॅबिनेट, तीन पंखे – ३,६००
एकूण ७०,८००. जोडणावळ सोडायला लावली.

दुकानदार म्हणाला, "मॅडम, ग्राफिक कार्ड असताना एफ नसलेला कशाला, पैसे वाया." मी म्हटलं, द्याच.

फोनच्या फुटेजचं राहिलं. त्यात शेवटी-शेवटी आवाज पुढे आणि ओठ मागे असं होतं.

---

खटपट्या | ५ सप्टेंबर, रात्री ११:१२

व्हेरिएबल फ्रेम रेट. फोन अंधारात फ्रेम्स कमी-जास्त करतो. हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट ३० किंवा २५ करून मगच टाइमलाइनवर घ्या. मशीन बदलून हा आजार जाणार नाही.

बिलावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीला तोच लागतो. जीएसटी नंबर असेल तर बिल त्यावर घ्या, १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळेल.

---

कृष्णाकाठ | २९ सप्टेंबर, सायंकाळी ७:१८

मशीन आलं. भाऊ खूष आहे, व्हॅलोरंट चालू होईना तेवढाच एक गोंधळ झाला. विंडोज ११ वर त्याला सिक्युअर बूट लागतं, ते बायोसमधून (बोर्डाच्या सेटिंग्जमधून) चालू केलं.

माझं मात्र अडलंय. आर७ ची क्लिप अजूनही अडखळते. लॅपटॉपपेक्षा बरी, पण तुम्ही म्हणालात तशी लोण्यासारखी नाही. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर नव्वदच्या वर जातो.

---

खटपट्या | २९ सप्टेंबर, सायंकाळी ७:५०

टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये जीपीयू किती दिसतात? एक की दोन?

---

कृष्णाकाठ | २९ सप्टेंबर, रात्री ८:०१

एकच. एनव्हिडिया.

---

खटपट्या | २९ सप्टेंबर, रात्री ८:२०

मग इंटेलचं ग्राफिक झोपलंय. वेगळं कार्ड लावलं की बरेच बोर्ड ते आपोआप बंद करतात. बायोसमध्ये जा, तिथे आयजीपीयू मल्टी-मॉनिटर किंवा इंटर्नल ग्राफिक्स अशा नावाचं काहीतरी असेल, ते चालू करा. तिथेच एक्सएमपी (रॅमचा पूर्ण वेग चालू करायची सेटिंग) ही बघून घ्या, रॅम ३२०० वर चालतेय ना. नसेल तर २१३३ किंवा २६६६ वर बसलेली असेल.

विंडोज सुरू झाल्यावर इंटेलच्या साइटवरून ग्राफिकचा ड्रायव्हर टाका. मग प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये, मीडियाखाली, हार्डवेअर डीकोडिंगच्या चौकटीत इंटेलवर टिक आहे का बघा आणि प्रीमियर बंद करून पुन्हा उघडा. मॉनिटरची वायर ४०६० लाच राहू द्या. ती बोर्डाला लावलीत तर भावाचे गेम छोट्या ग्राफिकवर चालतील आणि घरात महाभारत होईल.

---

कृष्णाकाठ | २९ सप्टेंबर, रात्री ९:३६

चाललं!! आता जीपीयू ० इंटेल आणि जीपीयू १ एनव्हिडिया असे दोन दिसतात. क्लिप चालवली की इंटेलखालच्या 'व्हिडिओ डीकोड'चा आलेख वर चढतो आणि प्रोसेसर तीसच्या आसपास राहतो. दोन कॅमेरे एकावर एक ठेवून मागे-पुढे ओढलं, कुठे अडलं नाही. रंग बसवलेले असताना एनव्हिडियाचाही आलेख हलतो, म्हणजे दोघं कामं वाटून घेतायत असं दिसतं. रॅम २६६६ वर होती, ३२०० केली.

---

एफपीएसवाला | २९ सप्टेंबर, रात्री ९:४४

मक्खन. आता डिस्क भरली की काय कराल? तासाला ४५ जीबी म्हणजे १ टीबीत वीस-बावीस तासच.

---

कृष्णाकाठ | २९ सप्टेंबर, रात्री ९:५८

पहिल्या दोन ऑर्डरींच्या पैशांतून ४ टीबी हार्ड डिस्क. तोवर डिलिव्हरी झाली की कच्चा माल फोटोग्राफरच्या डिस्कवर परत.

---

बुधवारी बाजार | ६ ऑक्टोबर, सकाळी ११:०५

धागा उशिरा वाचला. माझ्याकडे रायझन ५ ५६०० आणि आरएक्स ६६०० आधीच आहे, आणि गेल्या महिन्यात ४:२:२ वाला कॅमेरा घेऊन बसलोय. आता सगळं विकून इंटेल घ्यायचं का?

---

खटपट्या | ६ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

विकू नका. इंटेलच्या आर्क ए३८० कार्डातही तेच डीकोड सर्किट आहे. ६६०० तसंच ठेवून ते दुसऱ्या लांब स्लॉटमध्ये लावता येतं. गेम ६६०० वर, उलगडणं आर्कवर. आधी तीन गोष्टी बघा: बोर्डावर दुसरा लांब स्लॉट आहे का, ६६०० च्या जाडीने तो झाकला जात नाही ना, आणि एसएमपीएसमध्ये ८ पिनची एक जादा वायर उरते का, कारण काही ए३८० ना ती लागते. बोर्डाचं मॉडेल लिहा, बघून सांगतो. आणि कॅमेरा एच.२६४ मध्ये ४:२:२ देतो की एचईव्हीसीमध्ये तेही मीडियाइन्फोत बघा. एच.२६४ असेल तर आर्क घेऊन उपयोग नाही, प्रॉक्सीच बनवाव्या लागतील.